सल्ला: जिम सोडली, आता योगा लावू का?

पत्र असं आहे (थोडं कापलंय, नाव छापू नका असं सांगितलंय म्हणून नाव नाही):

"ताई, मी ३४ वर्षांची, राहायला डोंबिवली, नोकरी ऐरोलीला. मुलगी अडीच वर्षांची. डिलिव्हरीनंतर वजन वाढलं ते उतरलंच नाही, पण खरा प्रॉब्लेम वजनाचा नाहीये, मला स्वतःबद्दल काही चांगलं वाटतच नाही. मीटिंगमध्ये बोलायचं टाळते. ग्रुप फोटो काढायची वेळ आली की मीच मोबाईल हातात घेते, थांबा मी काढते म्हणून. मध्ये जिम लावली होती, पहिल्याच दिवशी ट्रेनरने मशीनवर उभं केलं आणि फॅट पर्सेंटेज सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, समोर भिंतभर आरसे, महिनाभर कशीबशी गेले मग बंद. झुंबाही करून बघितला पण उड्या मारताना लघवीचे थेंब जातात, हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. सासूबाई १५ वर्षं योगवर्गाला जातात, त्या म्हणतात योगाने आत्मविश्वास येतो, जिमने नुसते दंड फुगतात. मैत्रिणीने रील पाठवलंय की योगाने सेल्फ एस्टीम बाकी कुठल्याही व्यायामापेक्षा जास्त वाढतो, रिसर्चने सिद्ध झालंय म्हणे. नवरा म्हणतो काहीतरी एक ठरव आणि कर. जिमवाले वर्षाच्या पॅकेजवर ऑफर देतायत, उद्या शेवटचा दिवस. खरंच योगाने एवढा फरक पडतो का?"

अगं, सगळ्यात आधी ते वर्षाचं पॅकेज घेऊ नकोस. योगा की जिम ते नंतर बघू, पण ज्या जागेतून तू महिनाभरात पळून आलीस तिथेच बारा महिन्यांचे पैसे आधी भरायचे म्हणजे रोज सकाळी स्वतःला बोल लावायला एक नवीन कारण विकत घ्यायचं. आणि ती उद्या संपणारी ऑफर पुढच्या महिन्यात परत येते, काळजी नको करूस.

आता रीलबद्दल. त्यात थोडं खरं आहे, पण जेवढं ठासून सांगितलंय तेवढं नाही. "रिसर्चने सिद्ध" म्हटलं की मला पहिला प्रश्न पडतो की मोजलं कसं, कारण सेल्फ एस्टीम काही वजनकाट्यावर येत नाही. तर मॉरिस रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली दहा वाक्यांची एक प्रश्नावली आणली, ती आजही जगभर वापरतात. वाक्यं अगदी साधी आहेत, एकंदरीत मी स्वतःवर समाधानी आहे, कधी कधी वाटतं मी काहीच कामाची नाही, इतरांच्या बरोबरीची तरी माझी किंमत आहे, अशी, आणि प्रत्येकापुढे पूर्ण पटतं पासून अजिबात पटत नाही पर्यंत चार पर्याय. झालं. या दहा वाक्यांत शरीराबद्दल एकही वाक्य नाहीये. वजन नाही, कंबर नाही, पायाच्या अंगठ्याला हात लागतो का तेही नाही. म्हणजे तू तीन महिने व्यायाम करणार मांड्यांचा आणि पाठीचा, आणि नंतर तुला विचारणार की माणूस म्हणून तुला स्वतःची किंमत वाटते का. या दोघांच्या मधलं अंतर फार मोठं आहे गं, आणि रीलवाले नेमकं तेच गाळतात.

ते अंतर कसं पार होतं यावर सॉनस्ट्रोम आणि मॉर्गन या दोघांनी १९८९ मध्ये एक मांडणी केली, मला ती अजूनही पटते. आधी एखादी छोटी गोष्ट जमते, उदाहरणार्थ मागच्या महिन्यात पाच बैठकांत धाप लागायची आता पंधरा होतात. त्यातून वाटायला लागतं की आपलं शरीर तसं बरं चालतंय. त्यातून ते शरीर आहे तसं थोडं आवडायला लागतं. आणि त्यातून मग कुठेतरी वर, एकंदर स्वतःबद्दलचं मत थोडं हलतं. सोसायटीच्या पाण्यासारखं आहे, खाली पंप जोरात चालू असला तरी चौथ्या मजल्यावरच्या नळाला धार बारीकच येते. कॅनडातल्या संशोधकांनी २००५ मध्ये ११३ अभ्यास एकत्र करून हेच बघितलं, व्यायामाने मोठ्या माणसांचा एकूण सेल्फ एस्टीम वाढतो पण थोडासाच वाढतो. आणि ज्यांचा फिटनेस खरोखर सुधारला त्यांच्यात जास्त वाढतो. नुसतं क्लासला नाव घालून पाट्या टाकल्या तर नाही.

म्हणजे कुठलाही व्यायाम घेतलास तरी "मी बदलूनच गेले" असं होणार नाहीये. हे आधीच सांगून ठेवते, कारण तसं झालं नाही की तू परत स्वतःलाच दोष देशील, बघा योगासुद्धा मला लागू पडला नाही म्हणून.

बरं मग योगा विरुद्ध बाकीचं. इथे एक गंमत आहे. योगावरच्या बऱ्याचशा अभ्यासांत योगा करणाऱ्यांची तुलना काहीच न करणाऱ्यांशी असते, आठ-बारा आठवडे एक गट क्लासला आणि दुसरा गट वेटिंग लिस्टवर घरी बसलेला. मग योगावाले जिंकणारच ना, त्यांच्या जागी ढोल-ताशा पथकात जाणारे घेतले असते तरी जिंकले असते. योगा आणि दुसरा खराखुरा व्यायाम समोरासमोर ठेवून सेल्फ एस्टीम मोजणारं काम त्या मानाने कमी आहे, आणि त्यातून "बाकी कुठल्याही व्यायामापेक्षा जास्त" असं वाक्य काढणं म्हणजे फेकणं आहे.

पण, आणि हा पण तुझ्यासाठी महत्त्वाचा आहे, एका बाबतीत योगाचं पारडं थोडं जड दिसतं. आपण आपल्या शरीराकडे कुठून बघतो या बाबतीत. स्वतःचं शरीर सारखं दुसऱ्याच्या डोळ्याने बघत राहायचं, मी कशी दिसतेय, पोट दिसतंय का, कुर्ता वर तर नाही गेला, ही सवय बायकांना समाज लावतो आणि तिने डोक्यातली बरीच जागा खाल्ली जाते. २००५ मध्ये अमेरिकेत जेनिफर डॉबेनमायर यांनी योगा करणाऱ्या, एरोबिक्स करणाऱ्या आणि दोन्ही न करणाऱ्या बायका ताडून बघितल्या, तर योगावाल्यांमध्ये ही सवय कमी आणि शरीराबद्दल समाधान जास्त निघालं. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये फिटनेस सेंटरला जाणाऱ्या बायकांचा अभ्यास झाला, त्यातही तसंच, कार्डिओ मशीनवर जास्त वेळ घालवणाऱ्यांत ही दुसऱ्याच्या डोळ्याने बघायची सवय जास्त, योगावर्गवाल्यांत कमी. फक्त त्यात पुढचा भाग असा की यात बराचसा वाटा व्यायाम कशासाठी करतोय याचा होता. बारीक दिसायला आलेली बाई आणि तब्येतीसाठी आलेली बाई यांच्यातच मूळ फरक होता, आणि योगाला दुसऱ्या प्रकारच्या जास्त येत होत्या. त्यामुळे योगाने त्या तशा झाल्या की तशाच बायका योगाला जातात हे या दोन अभ्यासांतून ठरत नाही. रीलमध्ये हे येत नाही कारण ३० सेकंदात बसत नाही.

आणि आरसे! तुझ्या पत्रातलं ते वाचून मला कॅनडातला २००३ चा एक प्रयोग आठवला. व्यायामाची सवय नसलेल्या बायकांना २० मिनिटं सायकल मारायला लावली, काहींना आरशासमोर, काहींना आरसा झाकून. आरशासमोरच्यांना नंतर बिना आरशावाल्यांपेक्षा वाईट वाटत होतं, आणि मुद्दा असा की ज्यांना स्वतःच्या शरीराबद्दल फारसा गंड नव्हता त्यांनासुद्धा. तेव्हा जिम सोडलीस ते तुझ्यात जिद्द नाही म्हणून सोडलीस असं जे तू धरून बसलीयेस (पत्रात लिहिलं नाहीस पण "कशीबशी" या शब्दात ते दिसतं मला) ते डोक्यातून काढ. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी चारचौघांत फॅटचा आकडा सांगायचा आणि मग भिंतभर आरशासमोर उभं करायचं, यात कोणीही पळेल. तो ट्रेनर वाईट होता, व्यायामप्रकार नाही.

मी स्वतः वेट्सवाली आहे, माझा कल तिकडे आहे हे सांगून टाकते म्हणजे पुढचं त्या हिशोबाने वाच. वजन उचलण्यात एक सोय आहे जी योगात पटकन मिळत नाही, आकडा. आज ५ किलो, तीन आठवड्यांनी साडेसात, यात कोणाचं मत विचारावं लागत नाही, सासूबाईंचं नाही की आरशाचं नाही. "मला काही जमत नाही" हे वाक्य ज्यांच्या डोक्यात दिवसभर चालू असतं त्यांना हा आकडा फार कामाला येतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमणूक होईल असा व्यायाम आणि वर दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. आपला नेहमीचा सावकाश योगवर्ग त्यातल्या पहिल्या भागात नीट बसतच नाही, २००७ मध्ये मोजलं होतं तर साध्या हठयोगाच्या सेशनला लागणारी ऊर्जा रमतगमत चालण्याइतकीच निघाली, सूर्यनमस्कार लागोपाठ घातले तर जरा वर जाते. सासूबाईंना हे आत्ता सांगायला जाऊ नकोस.

खरं तर सासूबाईंच्या "योगा वेगळा, व्यायाम वेगळा" यातही फार दम नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार घालायला लावले ते सरळ सरळ व्यायाम म्हणून. त्याच सुमारास, १९२४ ला, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाने शरीरात काय होतं ते एक्स-रे वगैरे लावून तपासायला घेतलं. आखाड्यातले जोर आणि सूर्यनमस्कारातलं पुढचं-मागचं जाणं शेजारी ठेवून बघ एकदा.

पण सासूबाईंना जे मिळालंय ते खोटं नाही हं. १५ वर्षं एक बाई रोज सकाळी ठरलेल्या वेळेला घराबाहेर पडते, तासभर तिला कोणी चहा मागत नाही, तिथे तिच्या वयाच्या दहा-बारा जणी आहेत, एक दिवस गेली नाही तर फोन येतो का गं आली नाहीस, कोजागिरीला दूध तिथेच. यात आत्मविश्वास वाढला तर तो त्रिकोणासनामुळे किती आणि त्या दहा-बारा जणींमुळे किती हे कुठला शास्त्रज्ञ वेगळं करून देणार. मला वाटतं तुझ्या बाबतीतही अर्धा फरक इथूनच पडेल. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, त्यात सकाळपासून रात्रीपर्यंत तुझ्या स्वतःच्या मालकीचा असा अर्धा तास मला सापडला नाही.

अजून एक अभ्यास सांगते आणि मग अभ्यास बस. २०१८ मध्ये योगा शिकणाऱ्या ९३ जणांवर १५ आठवडे बघितलं, योगाने अहंकार गळून पडतो का म्हणून. तर उलटंच निघालं, योगा करून झाल्या झाल्या लोक स्वतःला इतरांपेक्षा भारी समजत होते आणि सेल्फ एस्टीमही वर होता! हे वाचून मला आमच्या ओळखीतले दोन-तीन पहाटे चारला उठणारे लोक आठवले आणि फार बरं वाटलं. पण त्यातली कामाची गोष्ट अशी की ते जे वर जाणं होतं ते योगा केल्याच्या लगेच नंतर मोजलेलं होतं. असं लगेचचं बरं वाटणं कुठल्याही चांगल्या व्यायामानंतर येतं आणि दुपारपर्यंत उतरतंही. ज्या दिवशी मीटिंग असेल त्या दिवशी सकाळी काहीतरी करून जा, एवढा उपयोग त्याचा नक्की करून घे.

आता तू काय करायचंस.

पहिलं, ते थेंब जाणं. हे योगा-जिमच्या आधी. खोकताना, शिंकताना, उडी मारताना असं होणं डिलिव्हरीनंतर खूप बायकांना होतं आणि बहुतेकजणी तुझ्यासारख्याच गप्प बसतात, बाहेर जाताना काळे कपडे घालतात, पाणी कमी पितात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने हे होतं आणि त्यावर पहिला उपाय त्या स्नायूंचे व्यायामच आहेत, नीट शिकून साधारण तीन महिने नियमित केले तर बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो. पण शिकून. व्हिडिओ बघून करताना बऱ्याचजणी आत ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात. बायकांच्या या तक्रारी बघणारी फिजिओथेरपिस्ट असते, तुझ्या गायनॅकला विचार, ती पाठवेल. तिथेच पोटाच्या मधल्या स्नायूंमध्ये फट राहिलीये का तेही बघून घे. ते कळेपर्यंत कपालभाती, नौकासन, पोटावर जोर येणारे क्रंचेस, उड्या सगळं बाजूला ठेव, योगवर्गातल्या बाई "काही होत नाही गं" म्हणाल्या तरी. आणि बघ, चारचौघांत शिंक यायची भीती वाटत असेल तर मीटिंगमध्ये मोकळेपणाने बोलायचं कुठून सुचणार? तुझ्या सेल्फ एस्टीमचा एक तुकडा इथे अडकलेला असू शकतो, आणि तो कुठल्याही आसनाने नाही, फिजिओकडे गेल्यानेच सुटेल.

दुसरं, सुरुवात योगापासून कर. हो, मी वेट्सवाली असून सांगतेय. कारण तू आरशापासून आणि आकड्यापासून पळून आलीयेस, तुला आत्ता दोन-तीन महिने अशी जागा पाहिजे जिथे डोळे मिटून शरीर आतून कसं वाटतंय ते बघता येईल. पण कुठलाही योगवर्ग चालणार नाही. एका हॉलमध्ये ६० जणी, पुढे माईकवर "अजून वाका, अजून वाका, त्या मागच्या गुलाबी ड्रेसवाल्या ताई" असं चालू असेल तर तो जिमपेक्षा वाईट. छोटी बॅच, आरसा नसलेली खोली, आणि विटा-पट्टे-खुर्च्या वापरणारी शिक्षिका बघ. ही साधनं घेऊन शिकवायची पद्धत बी.के.एस. अय्यंगार यांनी रुळवली. लहानपणी टीबी-मलेरियाने पार खंगलेला मुलगा होता तो, १९३७ ला पुण्यात शिकवायला आला आणि पुढे १९७५ ला तिथेच त्यांची रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट उभी राहिली. त्या परंपरेत शिकलेले शिक्षक मुंबई-ठाण्याकडे भरपूर आहेत, सापडतील.

त्या विटेचं मी मुद्दाम सांगते. त्रिकोणासनात तुझा हात जमिनीला लागणार नाही आधी, मग तू गुडघा वाकवशील नाहीतर छाती खाली पाडशील आणि वाटेल मला जमतच नाही. चांगली शिक्षिका पायाशी लाकडी वीट उभी ठेवेल आणि त्यावर तळहात टेकवायला सांगेल, छाती उघडेल, श्वास मोकळा होईल. काही आठवड्यांनी तीच वीट आडवी टेकवून चालेल. मग सपाट. वीट उभी, आडवी, सपाट, बस एवढं डायरीत लिहीत जा. वजन लिहू नकोस, कंबर मोजू नकोस, "बिफोर" फोटो तर अजिबात काढू नकोस. जिमच्या आकड्यासारखाच हा आकडा आहे पण तो तुझ्या दिसण्याबद्दल काही बोलत नाही.

क्लास लावायच्या आधी एक ट्रायल माग, आणि त्या तासात फक्त एक गोष्ट बघ, कोणाला एखादं आसन जमत नसेल तर शिक्षिका काय करते. वीट आणून देते की उदाहरण म्हणून सगळ्यांना दाखवते. आणि "महिन्यात पाच किलो कमी" असं बाहेर बोर्डावर असेल तर आत जाऊच नकोस, कारण तिथे येणाऱ्या सगळ्याजणी एकमेकींच्या पोटाकडे बघत असतात.

तिसरं, दोन-तीन महिन्यांनी, फिजिओने हो म्हटलं की, ताकदीचा व्यायाम सुरू कर. आठवड्यातून दोनदा, घरी केलास तरी चालेल, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला जोर, दोन डंबेल्स. तुझी मुलगी आता ११-१२ किलोची असेल, तिला जमिनीवरून उचलून कडेवर घेणं हा काही कमी व्यायाम नाहीये, तोच पाठ न दुखता करायला शिकायचंय. जिममध्येच जायचं असेल तर दुसरी बघ, गर्दी नसलेल्या वेळेला जा आणि ट्रेनरला पहिल्याच दिवशी सरळ सांग की मला माझा फॅट पर्सेंटेज नकोय, मला फक्त किती किलो उचललं ते लिहून पाहिजे. तोंड वाकडं केलं तर बाहेर पड. दोन्हींतलं एकच निवडलं पाहिजे असं तुला कोणी सांगितलं? नवऱ्याने ना. त्याचं सोड, पण त्याच्याशी दुसरं एक बोलायचंय.

"काहीतरी एक ठरव आणि कर" हे म्हणायला सोपं आहे, पण तू क्लासला जातेस त्या तासात मुलीला कोण बघणार हे तो बोललेला नाही, निदान तुझ्या पत्रात तरी नाही. त्याला सल्ला नको मागूस, वार माग. मंगळवार आणि गुरुवार सकाळी साडेसहा ते साडेसात मुलगी तुझ्याकडे, दूध-शी-सू सकट, आणि मला फोन करायचा नाही. रविवारचा तिसरा तास सासूबाईंकडे माग, योगासाठी आहे म्हटल्यावर त्या नाही म्हणणार नाहीत बघ, इथे त्यांचं योगप्रेम वापरून घे. ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी पकडणाऱ्या बाईने रोज व्यायाम करावा अशी अपेक्षा मी ठेवत नाही. तीन दिवस पुरे. आणि घरात कोणी गमतीने सुद्धा "जाडे" वगैरे हाक मारत असेल तर ती बंद करायला सांग. आठवड्याचे तीन तास कमावलेलं अशा हाका रोज जेवणाच्या ताटावर घालवतात.

शेवटचं, आणि हे जरा सीरियसली घे. तू जे लिहिलंयस त्यातलं किती सेल्फ एस्टीम आहे आणि किती डिप्रेशन हे मला पत्रावरून कळत नाही. डिलिव्हरीनंतर सुरू झालेलं डिप्रेशन कधी कधी लक्षातच येत नाही आणि वर्षानुवर्षं राहतं, सगळे म्हणतात आई झाली ना आता असंच. दोन आठवड्यांहून जास्त रोज उदास वाटणं, मुलगी झोपली तरी झोप न लागणं, आधी आवडणाऱ्या कशातच मन न लागणं, किंवा मी नसले तर बरं होईल असे विचार, यातलं काही असेल तर योगवर्ग हे त्याचं औषध नाही, डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू असते. योगा त्याच्या जोडीला चालेल, त्याच्या ऐवजी नाही.

मैत्रिणीला रीलबद्दल काय उत्तर द्यायचं ते तू बघ. मी तरी एक अंगठा पाठवून सोडून देईन.

फिजिओची अपॉइंटमेंट मात्र याच आठवड्यात घे, क्लासचं ट्रायल त्यानंतर. आणि जिमवाल्याचा फोन आला तर दोन-तीन महिन्यांनी बघते सांग.